खर्रा खाणाऱ्याला 'कमी धोका', न खाणाऱ्याला 'जास्त': तोंडाच्या कॅन्सरच्या एका जीन टेस्टबद्दल

ज्या किटबद्दल लिहितो आहे ती थुंकीवरून डीएनए तपासणारी किट आहे. घरबसल्या मागवायची, नळीत थुंकायचं, परत पाठवायची, आणि महिना-दीड महिन्याने फोनवर पीडीएफ येते. त्यात मधुमेह, हृदयरोग, टक्कल, दूध पचणं-न पचणं असं बरंच काही असतं. आम्ही मात्र ती एकाच पानासाठी घेतली होती, तोंडाच्या कॅन्सरच्या. एका माणसाचे साडेपाच हजार, दोघांचे अकरा. कंपनीचं नाव देत नाही, कारण नंतर दुसऱ्या दोन-चार कंपन्यांचे नमुना अहवाल उघडून पाहिले तर पाकीट वेगळं, वाण एकच.

आमचं गाव वणा नदीच्या काठचं, जिल्हा वर्धा. माझं कृषी केंद्र आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून बी. एस्सी. केलं, त्यामुळे जीन या शब्दाने मी दबून जात नाही. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हापासून जीनची पाकिटं काउंटरवर विकतो आहे. मोठा भाऊ, आमचा दादा, शेती पाहतो. कापूस, तूर, थोडा चणा. दादा गुरुदेव सेवा मंडळाचा माणूस. सामुदायिक प्रार्थना चुकत नाही, दारूच्या थेंबाला शिवला नाही. पण खर्रा सुटला नाही. सकाळी वावरात जाताना एक पन्नी खिशात, दुपारी जेवणानंतर दुसरी, आणि संध्याकाळी पानठेल्यावर जी होते ती मोजण्यात येत नाही.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या पन्नीत चांगला घोटलेला. राज्यात गुटख्यावर २०१२ च्या जुलैत बंदी आली, पण खर्रा काही कारखान्यातून येत नाही. तो ठेल्यावर तुमच्यासमोर घोटून मिळतो.

आमचे बाबा तोंडाच्या कॅन्सरने गेले. गालाच्या आत गाठ होती, नागपूरला तुकडोजी महाराज कॅन्सर रुग्णालयात उपचार झाले, पण नेलं तेव्हाच उशीर झाला होता. बाबांच्या काळी खर्रा नव्हता, कंबरेला तंबाखूची चंची असायची. त्यामुळे घरात एक प्रश्न कायम फिरत राहिला: हे रक्तातच आहे का आपल्या? दादाचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने एक दिवस फोन केला, "काका, तुम्हा दोघांसाठी टेस्ट मागवली, थुंकून ठेवा फक्त."

किटमधल्या वस्तू चांगल्या, हे आधी कबूल करतो. जाड पुठ्ठ्याचा डबा, फनेल लावलेली प्लास्टिकची नळी, झाकणात निळसर पाणी. झाकण फिरवलं की ते पाणी थुंकीत उतरतं आणि डीएनए खराब होऊ देत नाही, म्हणून बर्फाची गरज नाही. वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे ही सोय मोठी आहे. कुरिअरवाला गावात येत नाही, तालुक्याला जाऊन द्यावं लागलं. तो दोष कंपनीचा नाही. सूचना इंग्रजी आणि हिंदीत, चित्रांसह. मराठी नाही.

सूचनांमध्ये एक अट होती: अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, तंबाखू नाही. माझं पाच मिनिटांत झालं. दादाला तो अर्धा तास जड गेला, आणि फनेलला ओठ नीट लावताही येईना. वहिनी दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "पैसे देऊन थुंकी न्यावं लागते काय? फुकटात त सारं गाव थुंकून राह्यलं."

मग फॉर्म. तो ऑनलाइन भरायचा, पुतण्याने फोनवरून विचारून भरला. वय, वजन, उंची. धूम्रपान करता का? नाही. मद्यपान करता का? नाही. व्यायाम? रोज. दादाची तिन्ही उत्तरं शंभर टक्के खरी, आणि तिन्ही मिळून असा माणूस तयार झाला की आरोग्य विभागाने त्याचा फोटो भिंतीवर लावावा. तंबाखू चघळता का, सुपारी खाता का, हा रकानाच फॉर्ममध्ये नव्हता. माझी सासू गोंदियाकडची, ती रोज गुडाखू, म्हणजे गूळ-तंबाखूचा लगदा, दातांना घासते. तिच्यासाठीही जागा नव्हती. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे तोंडाच्या कॅन्सरवर पान छापणाऱ्यांनी दर शंभरातल्या चौघांना प्रश्न विचारला आणि चोविसांना सोडून दिलं. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे, पुढचं सगळं याच्या खालचं.

अहवाल आला. मी आयुष्यात खर्रा खाल्ला नाही, विडी ओढली नाही. माझ्या पानावर नारिंगी पट्टा: सरासरीपेक्षा जास्त धोका, १.३ पट. दादाच्या पानावर हिरवा पट्टा: सरासरीपेक्षा कमी, ०.८ पट.

हिरवा पट्टा पाहून दादाने काय केलं असेल ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी अख्ख्या पानठेल्याला माहीत झालं की याचं रक्त तपासलं (थुंकी तपासली म्हणायला लाज वाटली असावी) आणि याला कॅन्सर होऊ शकत नाही. मी बोललो तर म्हणाला, "मशीननं लिहून देल्लं ना, मले कमी हाये. मंग तू काऊन बोंबलून राह्यला? तू आपलं पाय, तुलेच जास्त हाये."

आता त्या पानात काय होतं ते जरा खोलात सांगतो. पान खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्याला खोडून काढणं अवघड गेलं.

खाली जीनची यादी होती. पहिलं नाव जीएसटीएम-१. हा जीन ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज नावाचं एन्झाइम बनवतो. काम काय, तर शरीरात आलेल्या विषाला ग्लुटाथायोनचा रेणू चिकटवायचा, म्हणजे ते पाण्यात विरघळतं आणि बाहेर पडतं. माझ्या धंद्यातल्या लोकांना या एन्झाइमांचं घराणं वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. मक्यात ॲट्राझिन फवारलं तर तण जळतं आणि मका उभा राहतो, कारण मक्याकडे याच घराण्यातली एन्झाइमं आहेत आणि ती ॲट्राझिन निकामी करतात. माणसांमध्ये काहींच्या पेशींत जीएसटीएम-१ हा जीन दोन्ही बाजूंनी, आईकडून आणि बापाकडून, गायबच असतो. युरोपात जवळपास निम्म्या लोकांत तो नसतो, आपल्याकडे ते प्रमाण बरंच कमी आहे, तरी दुर्मिळ म्हणावं असं मुळीच नाही. माझ्यात तो नाही. नारिंगी पट्ट्याचं निम्मं कारण हेच.

पुढचं नाव सीवायपी-२ए६. याचं काम उलटं वाटेल असं आहे. हे एन्झाइम निकोटिन मोडतं, पण तंबाखूतल्या नायट्रोसअमाइन नावाच्या रसायनांना पेटवतंही. ती पेटलेली रूपं डीएनएला जाऊन चिकटतात आणि तिथून बिघाड सुरू होतो. ज्यांच्यात हा जीन कमी चालतो किंवा नसतोच, त्यांना तंबाखूच्या कॅन्सरचा धोका थोडा कमी, असं आशियातल्या काही अभ्यासांत दिसलं आहे. दादाचा जीन संथ निघाला. शिवाय एक्सआरसीसी-१, डीएनएची मोडतोड दुरुस्त करणाऱ्या टोळीतला एक, त्याचं रूप माझं एक आणि दादाचं दुसरं. सख्ख्या भावांत असं होतंच, एका बोंडातल्या सरक्याही सारख्या निघत नाहीत.

शेवटी दारू पचवणाऱ्या एन्झाइमांची नोंद होती. त्यातलं दादाचं रूप 'संरक्षक' लिहिलेलं. ज्या माणसाने दारूच घेतली नाही त्याला दारूपासून संरक्षण दिलं, आणि त्याचे गुण बेरजेत धरून पट्टा हिरवा केला. हे कुठून आलं? अहवालाच्या तळाशी ज्या मोठ्या अभ्यासाचा आधार होता तो २०१६ सालचा, 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकातला. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे सहा हजार रुग्ण, तेवढीच निरोगी माणसं, अख्ख्या जनुकसंचाची झडती. अभ्यास उत्तमच आहे. पण ती माणसं युरोप आणि दोन्ही अमेरिकांतली. तिकडे हा कॅन्सर मुख्यतः सिगारेट, दारू आणि घशापुरता एचपीव्ही विषाणू यांच्या वाटेने येतो. इकडे तो गालाच्या आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत होतो, जिथे खर्रा दाबून धरतात. तिथल्या माणसांवरून काढलेले गुण वणा नदीकाठच्या माणसाला लावले, हे अहवालात लिहिलं आहे, पण इतक्या बारीक अक्षरांत की दादाला चष्मा लावूनही दिसलं नसतं.

आता हिशेब. हा हिशेब मी काउंटरवर बसून, कीटकनाशकाच्या जुन्या पावतीच्या मागे केला. एकेका जीनमुळे पडणारा फरक साधारण सव्वापट-दीडपट असा असतो. जीएसटीएम-१ नसणाऱ्यांबद्दलचे अभ्यास त्याच घरात येतात. तंबाखू चघळण्यामुळे पडणारा फरक भारतातल्या अभ्यासांत पाचपटीच्या आसपास येतो. मग माझं, खर्रा नाही, म्हणून नुसतं १.३. दादाचं ०.८ गुणिले ५: म्हणजे ४. हिशेब ढोबळ आहे, गुणाकार इतका सरळ चालत नाही. तरी हिरव्या पट्ट्याचा माणूस नारिंगी पट्ट्याच्या माणसापेक्षा तिप्पट धोक्यात आहे, आणि अहवाल वाचणाऱ्याला नेमकं उलटं कळतं. पाचपट आकड्याचं काम खर्रा करतो आहे आणि पानभर चर्चा ०.८ ची.

दादाला मी हे त्याच्या भाषेत सांगून पाहिलं. सोयाबीनच्या थैलीवर उगवण ७० टक्के लिहिलेली असते. २०२० साली लिहिलेली होतीच, तरी किती वावरात पेरा उगवला नाही, आणि किती लोक तक्रारी घेऊन माझ्या दुकानासमोर उभे होते. लेबल बियाण्याबद्दल असतं. पाऊस, खोली, चिबड यांच्याबद्दल नसतं. दादा ऐकून म्हणाला, "म्हणजे तू तवा खोटं बी इकलं होतं." विषय तिथेच संपला.

फोनवरच्या सल्लागार मुलीला मात्र पैकीच्या पैकी. किटसोबत अर्ध्या तासाचा एक कॉल मिळतो, बहुतेक लोक तो घेतच नाहीत असं तीच म्हणाली. घ्या. पैसे त्याचेच वसूल झाले. हिंदीत बोलली, घाई केली नाही. मी खर्ऱ्याबद्दल सांगितलं तर आधी तिला खर्रा म्हणजे काय ते समजेना, समजल्यावर ती थेट म्हणाली, "सर, फिर ये स्कोर भूल जाइए, पहले इनका मुँह दिखाइए." कंपनीच्या पगारावर असून असं बोलली, म्हणून विशेष.

तिनेच एक गोष्ट सुटी करून सांगितली जी मला पदवी असूनही नीट माहीत नव्हती आणि जी बहुतेकांच्या डोक्यात गुंतलेली असते. जीनमधले फरक दोन तऱ्हेचे. एक जन्मासोबत आलेले, शरीरातल्या प्रत्येक पेशीत असणारे. किट हेच पाहते. दुसरे आयुष्यात कमावलेले, एखाद्या जागच्या पेशींत तंबाखू-सुपारीने घडवलेले. कॅन्सर हा दुसऱ्या तऱ्हेच्या बिघाडांनी होतो. आपल्याकडच्या हिरडी-गालाच्या कॅन्सरचे असे बिघाड भारतीय शास्त्रज्ञांनीच शोधले आहेत: पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि टाटा मेमोरियलचं खारघरचं ॲक्ट्रेक केंद्र यांनी मिळून ११० रुग्णांच्या गाठी तपासल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. टीपी-५३, कॅस्प-८, फॅट-१, नॉच-१ अशी नावं त्यात आहेत. टीपी-५३ हा पेशीचा पहारेकरी जीन. तो जन्मतः चांगला असलेल्या माणसाच्या गालातही बिघडू शकतो, आणि तो बिघाड नळीतल्या थुंकीवर चालणाऱ्या या टेस्टमध्ये दिसत नाही. दादाच्या उजव्या गालात काय चाललं आहे याबद्दल साडेपाच हजारांची टेस्ट एक अक्षर बोलत नव्हती.

घराण्याचा प्रश्न उरलाच. बाबांना झाला म्हणून आम्हाला होईल का? सख्ख्या नात्यात डोकं-मानेचा कॅन्सर असला तर धोका साधारण पावणेदोन पट दिसतो, असं अनेक देशांच्या एकत्रित अभ्यासात आलं आहे, आणि ती वाढ मुख्यतः तंबाखू-दारू घेणाऱ्यांतच दिसते. आमच्या घरात वारसा म्हणून जीनही आले आणि चंचीही. दादा बारा-तेरा वर्षांचा असताना बाबांना तंबाखू मळून द्यायचा, मी धाकटा म्हणून ते काम माझ्याकडे आलं नाही. दोघांतला फरक शोधायला प्रयोगशाळा लागत नाही.

जीन तपासणी कोणालाच उपयोगी नाही असं नाही. फॅन्कोनी ॲनिमियासारखे काही दुर्मिळ वंशागत आजार आहेत, ज्यांत तंबाखू न खाताही तरुणपणी तोंडाचा कॅन्सर होण्याचा धोका शेकडो पटींनी वाढतो. लहान वयात रक्त कमी, प्लेटलेट कमी, अंगठ्याच्या हाडात दोष, असं घरात असेल तर जीन तपासणी जरूर करावी. पण ती रक्तावर, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, त्या आजाराच्या नेमक्या जीनची. या किटमध्ये ती नाही.

आता दुसरी सेवा. ती फुकट आहे म्हणून तिचा कोणी आढावा लिहीत नाही.

आमच्या गावच्या आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक कागद भरतात. माझाही भरला होता, मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. अहवालाच्या भानगडीनंतर त्यांच्याकडून तो मागून वाचला. पहिल्याच काही प्रश्नांत: धूम्रपान करता का, किंवा गुटखा-खैनीसारखे पदार्थ खाता का? पुढे: तोंड उघडायला त्रास होतो का? दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? चावताना दुखतं का? आवाजात बदल? एका पानाचा, झेरॉक्स मारून मारून पुसट झालेला कागद. कंपनीच्या चकचकीत फॉर्ममध्ये जे नव्हतं ते सगळं त्यात होतं. आशाताई म्हणाल्या, "दादांनी मागल्या बारीला खर्रा नाही म्हणून सांगितलं होतं, आन् तोंडात तवा खर्राच होता."

त्यांच्या चिठ्ठीवर दादाला सरकारी दवाखान्याच्या दंत विभागात नेलं. दंतवैद्य रोज नसतात, आधी विचारून जावं लागतं, आणि बाहेरच्या बाकावर सावली अकरापर्यंतच असते. हे उणे गुण. आत गेल्यावर मात्र तपासणीला पाच-सात मिनिटं लागली. डॉक्टर मॅडम तरुण, चंद्रपूरकडच्या बोलीच्या. म्हणाल्या, "काका, तीन बोटं उभी घाला तोंडात." दादाची दोन बसली, तिसरं जाईना. मग पट्टीने वरच्या-खालच्या दातांतलं अंतर मोजलं. मग बॅटरी, आरसा, हातमोजा घालून गालाच्या आतून बोट फिरवलं. "भाजी तिखट लागते का आजकाल?" दादा गप्प. वहिनी म्हणाली, "दोन सालापासून सावजी बंद हाये यायचं. मले वाटलं प्रार्थनेमुळे सोडलं."

तोंड असं आवळत जाण्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या आतल्या पेशींना जास्तीचे तंतू बनवायला लावतं, सुपारीतलं तांबं ते तंतू आणखी घट्ट बांधतं, आणि मऊ गाल हळूहळू चामड्यासारखा आवळतो. पाणीपुरी तोंडात जात नाही, तिखट झोंबतं, शेवटी घास जात नाही. झालेलं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. अशा रुग्णांतल्या दर शंभरात चार ते आठ जणांत पुढे कॅन्सर होतो. तंबाखू सोडली, नुसती सुपारी खातो म्हणणाऱ्यांनी लक्ष द्यावं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखूविनासुद्धा, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

शिवाय उजव्या गालात, खर्रा ठेवायच्या जागी, पांढरा चट्टा. पुसला तरी न जाणारा. मॅडमनी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवलं, तिथे तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही, पण पेशींमध्ये सुरुवातीचे बदल आहेत असा अहवाल आला. औषध, तोंड उघडण्याचे व्यायाम, खर्रा-सुपारी बंद, आणि ठरावीक महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. हा कागदही इंग्रजीत होता, पण तिथल्या डॉक्टरने उलट्या बाजूला मराठीत लिहून दिलं.

बॅटरीने तोंड पाहणं हे कमी दर्जाचं काम वाटतं, म्हणून एक आकडा देतो. तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. तेरा भाग, दोन लाखांच्या आसपास माणसं. त्यातल्या सात भागांत प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते, डॉक्टर नव्हेत, घरोघर जाऊन उजेडात तोंड पाहायचे आणि संशय आला तर पुढे पाठवायचे. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. ज्यांना सवय नव्हती त्यांच्यात असा फायदा दिसला नाही. म्हणजे माझ्या तोंडावर बॅटरी मारण्यापेक्षा दादाच्या तोंडावर मारावी. कोणाच्या, हे ठरवायला पट्ट्याच्या रंगाची गरज पडली नाही, दात पाहिले तरी कळतं.

दादाचं आता काय, असं विचाराल. पन्नी खिशात नसते एवढं खरं. संध्याकाळी ठेल्यावर जातो, बडीशेप खातो म्हणतो. ठेलेवाला आमच्याच आळीतला आहे, तो माझ्याकडे पाहून हसतो, त्यावरून जे समजायचं ते मी समजतो. पुतण्याने त्याला तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी मोफत फोनसेवेचा नंबर लावून दिला, १८००-११-२३५६. पहिल्यांदा दादा फोनवर पिकांचे भाव विचारत बसला, दुसऱ्यांदा नीट बोलला. तीन बोटं अजून जात नाहीत. अडीच जातात असं त्याचं म्हणणं आहे.

किट घ्यायचीच असेल, हौस म्हणून, तर तीन गोष्टी पाहा. फॉर्ममध्ये चघळण्याची तंबाखू आणि सुपारी विचारतात का. गुण भारतीय लोकांवरच्या अभ्यासातून काढले आहेत का, आणि तसं लिहून देतात का. आणि तुमचा डीएनए नंतर कोणाला वापरू देतात. आमच्या फॉर्ममध्ये संशोधनासाठी संमतीची टिकली आधीच भरलेली होती, पुतण्याने ती काढली.

सगळं मिळून पाचपैकी दोन. त्यातला दीड त्या फोनवरच्या मुलीचा.

पुतण्याने कंपनीला मेल टाकला की खर्रा, सुपारी, गुडाखू यांचा रकाना घाला आणि खाणाऱ्याला हिरवा पट्टा देऊ नका. उत्तर आलं, तुमची सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. त्याच मेलच्या खाली पुढच्या किटवर वीस टक्के सूट होती. कोणी घेतलेल्या किटमध्ये तो रकाना असेल तर मला कळवा, माझ्या दुकानात येणारे निम्मे लोक विचारत आहेत.